तेल लिहायचं राहिलं

“हे पुस्तकात येते,” असं म्हणून तो खिशातल्या पेनाला हात लावायचा. पेन काढायचा नाही, नुसता हात लावायचा. एखादा जमादार कमरेच्या पट्ट्याला हात लावतो आणि समोरचा आपोआप गप्प होतो, तसा प्रकार. समोरचा गप्प व्हायचाच. काही जण तर चहा सांगायचे.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात, एवढंच म्हणतो.

तो आमच्या शाळेत खेळाचा शिक्षक होता आणि मी मराठीचा. घरं भिंतीला भिंत लागून. अख्खं गाव त्याला ‘कोच’ म्हणायचं. खरं नाव फक्त मतदानाच्या दिवशी, यादी वाचणाऱ्याच्या तोंडून ऐकू यायचं आणि तेव्हा लोक इकडेतिकडे बघायचे, की हा कोण बुवा. गळ्यात शिट्टी कायम. बाजारात, दवाखान्यात, मयतीला. एका लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर त्यानं सवयीनं शिट्टी फुंकली आणि अर्धे वऱ्हाडी पंगतीकडे धावले. नवरदेवाच्या बापानं तोंड केलं तेव्हा हा शांतपणे पेनाला हात लावून म्हणाला, “हे पुस्तकात येते.”

अहेरीच्या अलीकडचं आमचं गाव. बाकीचा सगळा तालुका क्रिकेटनं बिघडला. आमचं गाव त्याच्या आधीच फुटबॉलनं बिघडलेलं होतं. कधीकाळी लाकडाच्या डेपोवर परप्रांतातले मजूर आले, संध्याकाळी चेंडू लाथाडू लागले आणि ती साथ गावात शिरली ती गेलीच नाही. बावीस धडधाकट माणसं एका चेंडूमागे का धावतात, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि धावणारे तरी बरे. काठावर उभं राहून गळा फाडणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. या मंडळींना घरच्या धानाच्या बांधीत किती पाणी आहे ते ठाऊक नसायचं, पण कोणत्या सामन्यात कुणी कुणाला कुठे पाडलं ते तोंडपाठ.

आणि या सगळ्यांचा देव म्हणजे कोच.

देवाला फुटबॉलमधलं काय येत होतं? माझ्या मते तीन वाक्यं. “मार बे!” “पळ बे!” आणि “मागं कोन राह्यलं बे?” तरुणपणी नागपूरला खेळलो, असं तो सांगे. कुणाकडून, कुणाविरुद्ध, हे विचारलं की पेनाला हात.

पण त्याची एक गोष्ट मात्र पंचक्रोशीत गाजलेली होती. सामन्याआधी तो आपल्या पोरांना स्वतःच्या हातानं तेल चोळायचा. मोहाच्या बियांचं, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत टोळीचं तेल. कडाक्याच्या थंडीत ते तुपासारखं गोठतं. मग तीन दगडांची चूल, त्यावर पितळेचा गंज, म्हणजे पातेलं, त्यात तेल पातळ होतंय आणि मैदानाच्या कडेला पोरं पाय पसरून ओळीनं बसलीत. कोच एकेकाच्या पोटऱ्या रगडत पुढे सरकतोय. समोरचा संघ नुसता बघत राहायचा. याला तो ‘सिस्टम’ म्हणायचा. वास असा सुटायचा की पाहुणे दोन हात लांब बसत. “मास्तर, ही सिस्टम देशात कुठी नाई,” असं मला त्यानं शंभरदा सांगितलं असेल. नसेलच. कोण करील?

तर या महापुरुषानं एके दिवशी जाहीर केलं, की मी आत्मचरित्र लिहिणार.

झालं. त्या दिवसापासून गाव कामातून गेलं.

मी भाबडेपणा पुष्कळ पाहिलाय, शाळेत जन्म गेला माझा. पण पुस्तकात आपलं नाव येणार म्हणून मोठमोठे बाप्ये कसे लाळ घोटतात, ते इथेच पाहिलं. ज्यांनी शाळा सुटल्यापासून छापील अक्षराला हात लावला नव्हता, ते माझ्या दारात उभे राहून विचारू लागले, “मास्तर, माह्यावर किती पानं हायेत?” डेपोतला एक बाबू होता. बाबू आयुष्यात एकच सामना खेळला होता आणि त्यातही पहिल्याच धडकेत पाय मुरगळून बाहेर आला होता. त्याला निदान एक प्रकरण पाहिजे होतं. एकानं आपल्याच गोलात चेंडू मारला होता, त्याला ते प्रकरण नको होतं. तो कोंबडा घेऊन आला. बस थांब्याजवळच्या टपरीवर रोज बैठक भरे. कुणाचा फोटो कितव्या पानावर, कुणाच्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध’ लागणार, यावर दोन सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं. मग मोबाइलवर गट निघाला. त्यात रोज सकाळी कुणीतरी लिहायचं, “कधी येऊन राह्यलं पुस्तक?” आणि खाली वीस जण हात जोडायचे.

कोचानं ही वाट पाहणं वर्षानुवर्षं पोसलं. घरी मासे यायचे, मोहफुलं यायची, उन्हाळ्यात चारोळी यायची. कुणी ओसरीवर कौलं शाकारून दिली. कुणी नाराज केलं, की “काढीन बे पुस्तकातून,” एवढं पुरे. न लिहिलेल्या पुस्तकावर एवढं राज्य केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बिचारी मला कुंपणावरून म्हणायच्या, “भाऊजी, एक पान तरी लिहिलं का हो यानं? मले तर झोपलेलाच दिसते.”

या वाट पाहणाऱ्यांत एकच माणूस असा होता, ज्याला खरोखर काही पाहिजे होतं. तो टपरीवर बसायचा नाही, कारण टपरीवर त्याला बसू देत नसत.

त्याचं नाव मलय्या. प्राणहितेत जाळं टाकून जगणाऱ्या घरातला. तो आमच्या गावाचा गोलकीपर होता. पोहणाऱ्या माशाला जो हातानं धरतो त्याला चेंडूचं काय, असं म्हणून कोचानंच त्याला गोलात उभा केला होता आणि त्यात कोच चुकला नव्हता, हे मलाही कबूल करावं लागतं. हातमोजे तेव्हा आमच्याकडे फक्त लग्नातल्या बँडवाल्यांकडे असत. मलय्या उघड्या हातानं खेळायचा. चेंडू जवळ येऊ लागला की खाली वाकून पायाजवळची माती उचलायचा, दोन्ही तळहातांवर चोळायचा आणि मग हात पुढे करायचा. एवढीच त्याची सिस्टम. तिचं कौतुक कुणी केलं नाही.

धान निघाल्यावर सिरोंचाला स्पर्धा भरायची. पहिलं बक्षीस ढाल आणि बोकड. ढालीसाठी कुणी एवढं धावत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या वर्षी आमचा संघ अंतिम सामन्याला पोचला. समोर सिरोंचाचाच संघ. मला शाळेनं सामना बघायला जाणाऱ्या पोरांबरोबर पाठवलं होतं. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला इडली खात होतो, म्हणून तेल चोळण्याचा कार्यक्रम मी पाहिला नाही. तो मला मलय्यानंच नंतर सांगितला.

नदीवरून धुकं आलं होतं. मलय्याला हुडहुडी भरली होती. मांडवात कुणी पुढारी बसला होता आणि त्याला सिस्टम दाखवायची कोचाला खुमखुमी. एरवी गोलकीपरच्या हाताला तो तेल लावत नसे. त्या दिवशी त्यानं मलय्याचे दोन्ही हात ओढून घेतले.

“सर, हाताले नोका लावू,” मलय्या म्हणाला. “मले बॉल धराचा हाय.”

“तू मले शिकवतं का बे? हातपाय गरम राह्यले पायजे.” असं म्हणून कोपरापासून बोटांपर्यंत, अगदी बोटांच्या बेचक्यांत तेल.

मलय्यानं माती लावून पाहिली, चड्डीला हात पुसून पाहिले. ज्यांनी हे तेल पाहिलंय त्यांना कळेल. ते थंडीत हातावरच गोठतं, पुसलं जात नाही आणि मातीचा नुसता चिखल होतो. बाकीचा सामना मी पाहिला. बराच वेळ दोन्हीकडून काहीच नाही. शेवटी शेवटी लांबून एक चेंडू आला. कुणीही धरावा असा, हळू. मलय्याच्या दोन्ही हातांत तो आला आणि हातांतून निसटून, पायांमधून, मागे गेला.

आम्ही हरलो.

आता कोचानं काय करावं? त्यानं धावत जाऊन माइक हिसकावला आणि चारपाचशे लोकांपुढे ओरडला, “हा सामना विकला गेलेला आहे! आमचा गोलकीपर या गावचा जावई आहे, हे सगळ्यायनं ध्यानात ठेवा!”

जावई होता, हे खरं. मलय्याची बायको राजक्का सिरोंचाची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

पुढचं ऐका, कारण खरी मजा पुढेच आहे. जिंकलेल्या गावानं बोकड कापला आणि रीतीप्रमाणे हरलेल्यांनाही पंगतीला बसवलं. आमचे अकराच्या अकरा जेवले. कोच जेवला. दोनदा रस्सा मागून घेतला, मी शेजारीच होतो. पण मलय्या पडला जावई. सासूनं त्याला पहिल्या पानावर बसवलं, काळजाचे तुकडे वेचून त्याच्या पानात घातले आणि “तिनंडी अल्लुडु, तिनंडी,” म्हणजे खा जावई खा, म्हणत समोरच बसून राहिली. सासुरवाडीच्या पंगतीतून जावयानं पानावरून उठायचं, तर बायकोनं माहेरी तोंड दाखवायचं कसं? तो बिचारा मान खाली घालून जेवला. आणि रस्सा ओरपणारे आमचे वीर एकमेकांना कोपरानं ढोसत होते, “पाह्य, पाह्य. बोकडासाठी इकला गेला.”

गावात पोचेपर्यंत त्याचं नाव ‘बोकड्या’ पडलं होतं. ते पुढे सुटलंच नाही. तो मासे घेऊन बाजारात बसला, की पोरंसोरं में में करून पळायची. गोलात त्याला पुन्हा कुणी उभं केलं नाही. त्यानं तेलाचं सांगितलं, ज्याला त्याला सांगितलं. लोक म्हणाले, तेल तर बाकीच्या दहांनाही होतं, ते नाही कुठे घसरले. आता पायानं खेळणाऱ्यांत आणि हातानं धरणाऱ्यात फरक असतो, एवढंसुद्धा ज्या फुटबॉलवेड्यांना कळत नाही त्यांच्याबद्दल मी काय बोलणार!

राजक्काचं दुःख आणखी वेगळं. तिला माहेरी जावंसं वाटे, पण गेली, की इकडे टपरीवर लोक विचारणार, “काय, सासऱ्यानं दुसरा बोकड धाडला का?” एकदा ती आमच्या अंगणात मासे द्यायला आली होती, तेव्हा बोलता बोलता तिचा आवाज चढला. “मास्तर, माह्या मायबापानं जावयाले जेवू घातलं. इकत नाई घेतलं. एवढं त्या कोचानं एकदा तोंडानं बोलावं. बस.”

मलय्याही त्याच एका आशेवर होता. त्याला पानं नको होती, फोटो नको होता. “सर खरं लिवतीन,” तो मला म्हणायचा. “मानूस खोटं बोलते मास्तर, पन पुस्तकात कसं खोटं लिवन?”

मी मराठीचा शिक्षक. पुस्तकात काय काय लिहितात ते मला ठाऊक होतं.

कोचाच्या निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एक ठेकेदार उगवला. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक तेव्हा आमच्या रस्त्यानं अखंड धावू लागले होते. मैदानावर, गोलाच्या खांबांवर, टपरीतल्या चहावर सुद्धा तांबडी धूळ. याचेही त्यात ट्रक होते आणि याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. पुस्तक मी छापतो म्हणाला, पहिल्या पानावर माझा फोटो. कोचानं लगेच दुसरं पान पत्करलं. आणि मग एके सकाळी, किराण्याच्या पिशवीत कागद कोंबून तो माझ्याकडे आला.

“मास्तर, शुद्धलेखन पाहून द्या.”

मी वाचू लागलो. त्या पुस्तकात आम्ही एकही सामना हरलो नव्हतो. बरोबरी झाली तिथे ‘नैतिक विजय’. मार खाल्ला तिथे पंच लबाड. डेपोतल्या बाबूचा मुरगळलेला पाय ‘रणांगणावरील जखम’ झाला होता. कोंबडावाल्याचा स्वतःच्याच गोलातला गोल गायब. आणि सिरोंचाचं प्रकरण आलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आम्ही जिंकलो होतो. ‘शेवटच्या क्षणी मलय्याने वाघासारखी झेप घेऊन चेंडू छातीशी कवटाळला आणि सिरोंचाचे मैदान टाळ्यांनी दुमदुमले.’

मी कुंपणाशी गेलो. “कोच, आपण हरलो होतो.”

“तुम्ही शुद्धलेखन पाहा.”

“अहो, चारपाचशे लोक होते तिथे. तुम्ही माइकवरून ओरडला होता.”

“लोक इसरतात. पुस्तक राहते,” तो म्हणाला आणि पेनाला हात लावला. जरा वेळानं हलक्या आवाजात म्हणाला, “पोराले हिरो केला ना मी? आता काय पायजे त्याले?”

चार दिवसांनी मलय्या आला. पळसाच्या पानांत बांधलेले झिंगे दारात ठेवून पायरीवर बसला. त्याचे केस पिकले होते, पण हात तसेच, रुंद. “माह्यं काय लिवलं, मास्तर?”

मी वाचून दाखवलं. मला वाटलं, हसेल, नाहीतर रडेल. तो पायरीवरच्या तांबड्या धुळीत बोट फिरवत बसला.

“मंग बोकड कोन खाल्ला?” त्यानं विचारलं.



“आपन जिकलो, तर सासऱ्याच्या दारी बोकड कसा शिजला, मास्तर? माह्या सासूनं मले वाढलं ते काय होतं?” तो उठला. “मले वाघ नोको. बॉल सुटला होता. तेलानं सुटला होता. सुटला हेच लिवाचं होतं.”

तो सरळ शेजारच्या ओसरीवर गेला. मी कुंपणाआडून ऐकलं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. कोच खाटेवर पडला होता, पाय सुजून त्याचं चालणं कमी झालं होतं. मलय्या शांतपणे म्हणाला, “सर, तेल लिवा.”

“वेडा हायेस का? तुह्यं नाव सोन्यासारखं केलं मी.”

“नाव नोको. तेल लिवा.”

मग कोच जे म्हणाला ते माझ्या दृष्टीनं त्याच्या आयुष्यातलं पहिलं खरं वाक्य होतं. “मल्या, तेल लिवलं तर माह्यं काय राह्यते बे?”

मलय्या आला तसा निघून गेला. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

प्रकाशन शाळेच्या सभागृहात झालं. तोरणं, ठेकेदाराचा फलक, त्यावर ठेकेदार मोठा आणि कोच पासपोर्टाएवढा. मंचावरच्या टेबलावर सजावटीला कोराकरकरीत फुटबॉल. मी निवेदन करत होतो. वेष्टन सुटलं, पुस्तकं वाटली आणि सभागृहात एकदम शांतता पसरली. असली शांतता माझ्या तासालाही कधी नव्हती. एकूण एक माणूस खाली मान घालून, ओळीवरून बोट फिरवत, स्वतःचं नाव शोधत होता. ठेकेदाराचं भाषण कुणी ऐकलं नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मग सत्कार सुरू झाले. एकेक जण शाल घालून जात होता. त्यात मलय्या मंचावर चढला. मागे राजक्का, हातात बाटली. कोच खुर्चीत जरा मागे सरकला. पण मलय्या त्याच्या पायाशी बसला आणि म्हणाला, “सर, द्या हात. तुमची सिस्टम.”

त्या माणसाला स्तुती म्हटलं की दुसरं काही सुचायचं नाही. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि माझ्या हातातला माइक मानेनंच जवळ बोलावून म्हणाला, “पाहा! शिष्य असा राह्यते! हे पुस्तकात याले पायजे होतं!”

मलय्यानं चोळलं. घाई न करता, कोपरापासून बोटांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत. सभागृहभर तो जुना वास पसरला. मग तो उठला, टेबलावरचा फुटबॉल उचलला आणि चार पावलं मागे सरकून अलगद फेकला.

“धरा, सर.”

चेंडू कोचाच्या दोन्ही हातांत आला आणि निसटला. पायांमधून, खुर्चीखालून, मागे गेला. मलय्यानं तो जाऊन आणला. आणखी हळू फेकला. पोराकडे फेकावा तसा.

पुन्हा सुटला.

कोच आपल्या तळहातांकडे बघत राहिला. माइक त्याच्या तोंडाशी मीच धरला होता. मी तो मागे घेतला नाही.

“सुटला,” तो म्हणाला.

“कशानं सुटला, सर?”

कोचानं हात शालीला पुसून पाहिले. गळ्यातली शिट्टी शालींच्या ढिगाऱ्यात कुठेतरी गुदमरली होती.

“तेलानं,” तो म्हणाला. “माह्याच हातानं लावलं होतं.”

कर्ण्यातून ते साऱ्या सभागृहात गेलं. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी मान वर केली. बाकीचे शोधण्यात गर्क. डेपोतल्या बाबूनं मात्र ऐकलं. त्यानं पान उलटलं, पुन्हा मागचं पाहिलं आणि शेजाऱ्याला विचारलं, “हे कोणत्या पानावर हाय बे?”

या लोकांसाठी मी आयुष्यभर मराठी शिकवलं.

राजक्कानं बाटलीला बूच लावलं. “आयकलं ना तुमी?” ती नवऱ्याला म्हणाली. “चला मंग. सिरोंचाची गाडी निघून जाईन.” दोघं मधल्या वाटेनं, पुस्तकात माना घातलेल्या लोकांच्या मधून, बाहेर पडली. त्यांच्याकडे पुस्तकाची प्रत नव्हती. त्यांनी मागितलीही नाही.

त्यानंतर कोच पेनाला हात लावेनासा झाला. गावानं पुस्तक आठवडाभर मिरवलं, मग ते कपाटावर गेलं आणि मोबाइलवरच्या गटात लोक सकाळी फुलांची चित्रं पाठवू लागले. आता कुणाला कशाची वाट पाहायची नव्हती, त्यामुळे मासेही बंद झाले आणि चारोळीही. ओसरीवरची कौलं पुन्हा सरकली. एका दुपारी तो काठी टेकत माझ्या कुंपणाशी आला.

“मास्तर, तेल लिवायचं राह्यलं.”

“दुसऱ्या आवृत्तीत घालू,” मी म्हणालो.

“दुसरी कोन काढते?” तो म्हणाला आणि हसला. तो स्वतःवर हसलेला मी तेवढा एकदाच पाहिला. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. मी त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि शिट्टीची दोरी विरली होती, ती बदलून दिली.

मोहफुलं पडण्याच्या दिवसांत तो गेला. सगळे भक्त जमले. ठेकेदारानं हार पाठवला, स्वतः आला नाही. कुणीतरी पुस्तकाची प्रत तिरडीवर ठेवली, तिच्यावर कुणीतरी चेंडू ठेवला, तो गडगडू लागला म्हणून काढून टाकला. उचलायची वेळ आली तेव्हा पुढे कोण, मागे कोण, यावरून या लोकांनी तिथेही वाद घातला.

मलय्या सिरोंचाहून निघून थेट तिथेच पोचला होता. हातात माहेरची पिशवी घेऊन राजक्का मागे थांबली. त्याला पाहून वाद जरा थांबला. कुणी में में केलं नाही. तो तिरडीपाशी आला, खाली वाकला, अंगणातली कोरडी माती उचलली आणि दोन्ही तळहातांवर सावकाश चोळली. मग त्यानं पुढचा बांबू धरला आणि नदीपर्यंत खांदा बदलू दिला नाही.